रिजेक्ट लॉटची नवी सीडी

न्हावरे, एप्रिल २००४

प्रिय साई,

तुमची नवी सीडी गेले आठ-दहा दिवस ऐकते आहे. तुमच्या ड्रमवाल्या सलमाननं ती शिरूरच्या स्टँडवर माझ्या हातात दिली. आत तुझी चिठ्ठी होती, की पाक्षिकासाठी नको, माझ्यासाठी म्हणून ऐक आणि कसं झालंय ते कळव. कळवते. पण एक गोष्ट आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू कोड्यात पडायला नकोस. या सीडीवर माझा विश्वास बसत नाही. तू तिच्यात माझ्यापासून काहीतरी लपवलं आहेस असा संशय मला पहिल्याच दिवशी आला. तो इकडेतिकडे फिरून आता तुझ्या डाव्या हातापाशी येऊन थांबला आहे. माझं चुकलं असेल तर मला फार आनंद होईल.

संशय घेणं हा आता माझा धंदाच झाला आहे म्हण. पुण्याहून पाक्षिकाचा तो खाकी लिफाफा दर पंधरा दिवसांनी येतो. त्यात कुणाकुणाच्या नव्या कॅसेटी, हल्ली सीड्या. कव्हर झेरॉक्सचं, आणि मागे आभार मानलेल्यांची नावं गाण्यांपेक्षा जास्त. पोरं कुठल्यातरी मित्राच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंग करतात, आणि ते शिरूरला भूगोल शिकवणाऱ्या एका बाईला कसं वाटलं हे छापून येतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आप्पांना याचं अजून हसू येतं. ‘कांद्याचा भाव इचारला तर सांगता येत न्हाई, आन् ह्या पोरांचा भाव तू ठरवती व्हय,’ म्हणतात. मी एवढंच शिकले आहे, की बँडला जे झाकायचं असतं ते ऐकू येतंच. वरचा सूर लागत नसला की गायकाच्या आवाजावर एको चढतो. ड्रमर कच्चा असला की झांजा वाढतात. या महिन्यात कॉलेजच्या पोरांचा एक बँड आला आहे, सगळे इंग्रजी शब्द नाकातून काढतात; त्यांना मी लिहिलं की एकदा जेवायला वाढ म्हणताना जो आवाज लागतो त्यात गाऊन बघा. दौंडच्या एका बँडनं कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग म्हणून टाळ्या घातल्या आहेत. प्रत्येक गाण्याला त्याच टाळ्या, आणि त्या टाळ्यांत तेच एक मूल त्याच जागी खोकतं. मी छापायला लिहिलं, की त्या मुलाला आधी औषध द्या.

हे कान मला दौंडनंच दिले. रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये डेस्मंड अंकल राहायचे, इंजिन ड्रायव्हर. ड्युटीवरून आले की पायरीवर बसून गिटार वाजवायचे आणि मला पाठमोरी बसवून विचारायचे, आता कुठलं बोट उचललं. वळून पाहिलं की ओरडायचे, ‘देखने का नहीं, सुनने का.’ त्यांची बदली झाली तेव्हा ती गिटार त्यांनी मला दिली. लग्नात ती माझ्याबरोबर न्हावऱ्याला आली, आणि तुझ्या आजीनं बरीच वर्षं ती कणग्यांच्या मागे उभी करून ठेवली. तू तिसरीत असताना मी ती बाहेर काढली. तोच खेळ मी तुझ्याशी खेळले. तुझी बोटं एकेक करून तारांवर मी ठेवली आहेत, साई. मधलं हट्टी होतं, नेहमी शेजारच्या तारेला घासायचं. त्याच्या शेजारचं शहाणं, एकदा सांगितलं की जागेवर. करंगळी तू वापरायचाच नाहीस. आळशी कुठला, म्हणून मी ओरडायचे, आणि तू म्हणायचास की ती अजून लहान आहे.

तुमची पहिली कॅसेट आली तेव्हा तू कंपनीत प्रेसशॉपला, पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, लागून वर्ष झालं होतं. ‘रिजेक्ट लॉट’ हे तपासणीत नापास होऊन बाजूला टाकलेल्या मालाचं नाव तुम्ही बँडला ठेवलंत, म्हणून आप्पा म्हणाले होते, ‘नाव तरी पास झाल्यालं ठेवायचं.’ घरच्यांवर लिहायचं नाही हा माझा नियम, म्हणून मी त्या कॅसेटवर अक्षर लिहिलं नाही. पण ‘उसाची ट्रॉली’ या गाण्याच्या मधल्या तुकड्यात तुझी बोटं तारांवर जी पळतात, ते मी भाजी निवडताना ऐकायचे आणि पुन्हा मागे घेऊन ऐकायचे.

आता ही सीडी. गिटार तू मागे ठेवली आहेस आणि पुढे कीबोर्ड आणला आहेस. तो वाजवणारा लग्नाच्या बँडमधला असावा, कारण ‘गेटपास’ हे गाणं संपताना त्याचा हात वरातीकडे वळतो. पहिल्यांदा मला वाटलं, गिटार दुसराच कुणीतरी वाजवतो आहे आणि साईनं बँड सोडला आहे. पण कॉर्ड बदलायच्या आधी तू जी किंचित घाई करतोस, ती जशीच्या तशी आहे. म्हणजे तूच. मग वाटलं, एखादी तार तुटली असेल, रेकॉर्डिंगच्या गडबडीत तशीच राहिली असेल. पण सगळ्या तारा कधी ना कधी वाजतात. फक्त एकदम तीन कधीच नाहीत. सगळीकडे दोनच सूर, एक खालचा आणि एक लांबचा. तो लांबचा प्रत्येक वेळी जरा उशिरा आणि कच्चा लागतो, जसा करंगळीनं दाबला की लागतो. पुण्याच्या एका इंग्रजी पेपरानं लिहिलं आहे की या बँडनं दिखाऊपणा टाकून दिला, गिटार आता मोजकं बोलते. आमच्या संपादकांनाही तसंच वाटतं. तुझी बोटं मला ठाऊक नसती तर मीही तेच लिहिलं असतं.

सलमानला मी स्टँडवरच्या हॉटेलात चहाला बसवलं होतं. त्यानं तुला काय सांगितलं माहीत नाही. मी विचारलं, साई कसा आहे. ‘एकदम मस्त हाय, काकू.’ मी म्हटलं, गिटार फार कमी वाजवतो म्हणे आता. खरं तर तोपर्यंत मी सीडी ऐकलेलीही नव्हती, तुमच्या बँडच्या पोपटनं फोनवर ओझरतं सांगितलं होतं तेवढंच. तर सलमान कपाकडे बघत म्हणाला, ‘न्यू स्टाईल धरलीय त्यानं. कमी वाजवायचं आन् जास्त ऐकू यायचं.’ मी विचारलं, ही स्टाईल कुणाची? त्यावर त्याला एकदम गाडीची आठवण झाली. चहा अर्धा टाकून तो पळाला, आणि त्याची पुण्याची गाडी त्यानंतर बराच वेळ स्टँडवर उभी होती. ड्रम वाजवणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नाही, त्याचे पाय हलायला लागतात.

गणपतीनंतर तू घरी आलेला नाहीस. दिवाळीला शटडाऊनचं काम, संक्रांतीला ओव्हरटाइम, जत्रेला ताप. एकेक कारण खरं वाटण्यासारखं होतं. डिसेंबरात तुझा फोन आला की प्रेसवरून स्टोअरला घेतलं, बसून काम आहे. मला वाटलं बढती मिळाली. मी शाळेत पेढे वाटले, साई.

सीडी ऐकल्यावर राहवेना. सकाळची शाळा आहे सध्या, म्हणून एका दुपारी घरी न येता परस्पर सणसवाडीची एसटी पकडली. तू दुपारपाळीला गेला होतास. तुझ्या खोलीच्या मालकीण अनसाबाई दारात बसल्या होत्या. मी येऊन गेले हे त्यांनी तुला सांगितलं की नाही कोण जाणे. तुझी मोटारसायकल भिंतीला लावलेली, वर प्लॅस्टिकचं पोतं, पुढच्या चाकात हवा नाही. पेट्रोल परवडत नाही असं तू म्हणाला होतास. मी सहज क्लच दाबून पाहिला. किती घट्ट असतो तो, सगळी बोटं लागतात. अनसाबाईंना विचारलं, तब्येत बरी आहे ना त्याची? ‘त्येला काय झालंय,’ म्हणाल्या, ‘लाडावलंय निस्तं. आधी सोताची कापडं सोता धुवायचं, वाळत घालायचं. आता म्हनतंय, मावशी, तेवढी पिळून द्या. मी म्हनलं, बायको कर बाबा, तिला लाव पिळायला.’ हसल्या, आणि हसता हसता माझ्याकडे बघून थांबल्या. ‘तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?’ माझा हात अजून क्लचवरच होता. ‘मी काय बोलली न्हाई बाई,’ असं म्हणत त्या दूध बघायला आत गेल्या. मी मागोमाग जाऊन विचारलं असतं तर त्यांनी सगळं सांगितलं असतं. पण ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पाणी प्यायले आणि परतीची गाडी धरली.

शनिवारी दुपारी आप्पा कांदा काढायला माणसं लावून रानात होते. मी गिटार घेतली. डाव्या हाताची मधली दोन बोटं तळव्यात दुमडून वरून रुमाल गुंडाळला, दातांनी गाठ मारली, आणि तुझी सीडी लावली. अंगठ्याशेजारचं बोट आणि करंगळी, एवढ्यावर मी तुझ्याबरोबर वाजवत गेले. एकेक गाणं येत गेलं. येऊ नये असं मला वाटत होतं, एखाद्या गाण्यात तरी मी अडावं, एखादा सूर असा लागावा की त्याला तिसरं बोट हवंच. तसा सूर तू कुठेही ठेवलेला नाहीस. मग पहिली कॅसेट लावली, तसंच रुमाल बांधून. ‘उसाची ट्रॉली’ दुसऱ्या ओळीच्या पुढे गेली नाही.

तेवढ्यात आप्पा पाणी प्यायला आले. ‘बोटांना काय झालं गं?’ मी म्हटलं, काही नाही, मुरगळली. किती सहज आलं तोंडात, विचारसुद्धा करावा लागला नाही. तू फोनवर कसा बोलत असशील ते मला त्या क्षणी कळलं. आप्पा हातपाय धुऊन चुलीपाशी बसले, हळद गरम केली, माझ्या धडधाकट बोटांना लावली आणि जुन्या धोतराची पट्टी फाडून घट्ट बांधली. ‘दोन दिवस भाकरी थापू नगं,’ म्हणाले, आणि रात्री स्वतः पिठलं टाकलं. मी ती पट्टी सोमवारी सकाळपर्यंत बांधून ठेवली. सोडायचं धाडस झालं नाही.

तू का लपवलंस याबद्दलही मला एक संशय आहे. कंपनीत जाऊ नको, रानातल्या झेंडूचं बघ, असं आप्पा म्हणत होते आणि तुझ्या बाजूनं मी भांडले होते. आता ते मला बोलतील, म्हणून तू गप्प राहिलास. बोलतीलही. मी ऐकून घेईन. त्यासाठी तू दिवाळी त्या खोलीत एकट्यानं काढायला नको होतीस.

तू मत मागितलं आहेस, तेही देते. ‘रूम नंबर चार’चे शब्द तू आजवर लिहिलेल्यांत सगळ्यात चांगले आहेत. ‘गेटपास’ लांबलं आहे. कीबोर्डवाल्याला प्रेमानं वरातीत परत पाठवा. गिटार पुढे आण. करंगळीचा तो कच्चा सूर झाकण्यासाठी तुम्ही त्याच्यावर इतकं काय काय रचलं आहे की गाणी गुदमरली आहेत. तो कच्चाच ऐकू येऊ दे. वर्षभरात पक्का होईल. करंगळी आता लहान नाही. संपादकांना मी कळवलं आहे की हा माझा मुलगा आहे, ही सीडी दुसऱ्या कुणाला द्या.

गुरुवारी तुझी सुट्टी असते. मी सकाळच्या गाडीनं येते आहे. अचानक आले असते तर दारात मला बघून तू हात पाठीमागे नेला असतास, आणि काहीतरी पटकन सांगावं लागलं असतं तुला. ते तुला सांगावं लागू नये आणि मला ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र आधी पाठवते आहे. कसं झालं, कधी झालं, यातलं काही तू आपण होऊन सांगेपर्यंत मी विचारणार नाही. आप्पांना मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहे, मी शेजारी बसेन. शेवटच्या गाण्यात तू उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडल्या आहेस, आणि सबंध गाणंभर तारांवर नखं खटखटतात. इतकी वाढेपर्यंत तू कधी राहिला नाहीस. उजव्या हाताची नखं डाव्या हातानंच कापावी लागतात, आणि ते तुला अजून जमत नसणार. येताना नेलकटर घेऊन येते.

तुझीच,
आई