वाळू चोळलेली चासी

मु. रम, शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०१९

चि. मुतलक यास,

तू बरा आहेस ना? सूनबाई शम्माची कंबर धरली होती, ती सुटली का? वदहाचे दुधाचे दात पडू लागले असतील. पडलेला दात सूर्याकडे फेकायला सांग, समुद्रात नको. धाकट्या नहारचा खोकला अकबाच्या दमट हवेने वाढला तर नाही? तुझ्या सासऱ्यांची साखर कशी आहे? सगळ्यांचं नीट कळव. इथे तुझी काकू ठीक, शेळ्या ठीक, माझे गुडघे होते तसेच. वर आशीर्वाद लिहिलेला नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. विसरलेलो नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी ओरडणार आणि तू "काका, आवाज येत नाहीये" म्हणून बंद करणार. मी अक्षरं तेलाच्या पिंपांवरून शिकलो, तेव्हा ओळी वाकड्या जातील, पण कागद बोलता बोलता बंद पडत नाही. फोन न करण्याचं आणखी एक कारण आहे. ते खाली येईल.

तू सब्बाहला विकलेली जीप मोडली.

दीसा गावच्या वाटेवर, लाल टेकाडाच्या उतारावर. डाव्या बाजूची चासी, सांगाड्याची लोखंडी तुळई, जिथे स्टिअरिंगचा डबा बसतो, तिथून फाटली. डबा निखळला, सब्बाहच्या हातात नुसतं चाक उरलं आणि गाडी आपल्या मर्जीने निघाली. वाळू मऊ होती म्हणून कुशीवर पडून थांबली. जरा पुढे खडक आहे, तुला तो माहीत आहे. माणसं जिवंत आहेत. मी कितीही चिडलो असलो तरी हे आधी सांगायला हवं.

गाडी ओढून सब्बाहच्या अंगणात आणली आणि मी तिच्याखाली शिरलो. तुझी काकू म्हणाली, "शिरताय खरे, बाहेर कोण ओढणार?" मी चिरलेल्या जागेवर रॉकेल फिरवलं, पुसलं, वर पीठ भुरभुरवलं. काळी रेघ उठली. फाटली होती त्याच्या मागेपुढे, जुनी चीर. तिच्यावरून तू वेल्डिंगचा डाग फक्त वरवर फिरवलेला, आत लोखंडाला लागलेलाच नाही. घासून सपाट केलेला. वर काळा रंग.

इथपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो. पोराला घाई झाली असेल, वाळवंट पाहायला आलेले पाहुणे दारात उभे असतील, मोसम संपल्यावर नीट करू म्हणाला असेल. पण मुतलक, त्या ओल्या रंगावर तू वाळू चोळलीस. वाळूवर ग्रीस. नवा रंग जुना दिसावा म्हणून. घाईतला माणूस हे करत नाही. हे मांडी घालून, निवांत करायचं काम आहे.

न येणाऱ्याने केलं असतं तर मी चार शिव्या देऊन सोडलं असतं. तुला काय येत नव्हतं? चिरेच्या टोकाला भोक पाडायचं म्हणजे ती पुढे पळत नाही, हे मिसरूड फुटायच्या आधी तू मला घडाघडा म्हणून दाखवायचास. रंग खरवडून लोखंड उघडं करायचं, खाच पाडायची, थांबत थांबत डाग द्यायचा. वरच्या पट्टीची टोकं निमुळती ठेवायची, सरळ कापली तर तिच्या कडेलाच चासी पुन्हा फाटते. तुझा बाप गेल्यावर तुला मी घास भरवले तसं हे भरवलं. ते तुला आठवत होतं म्हणूनच नेमकं काय झाकायचं हे तुला कळलं.

आता विकतानाचं आठव. सब्बाहने मला विचारलं, "अबू नायेफ, चासी अखंड आहे का?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "अखंड आहे, काका." मी खाली वाकून पाहिलं नाही. तुझ्या शब्दानंतर वाकणं म्हणजे चारचौघांत तुला खोटं पाडणं. मी सब्बाहला म्हणालो, "याला माझं तोंड जामीन." त्या घडीपासून ती चासी तुझी राहिली नाही, माझी झाली. आणि तू शेजारी उभा राहून ते ऐकलंस. तेव्हा तरी घसा खाकरायचास.

मंगळवारी सब्बाह आला. बरोबर त्याचा मेहुणा आणि त्यांचे दोन म्हातारे. मी कॉफी ओतली. सब्बाहने पेला घेतला आणि समोर चटईवर ठेवून दिला.

"थंड होतेय," मेहुणा म्हणाला.

"होऊ दे. या घरची कॉफी गरम असतानाही कडूच असते," सब्बाह म्हणाला. कोणी हसलं नाही.

खाली ठेवलेला पेला म्हणजे मागणं, आणि ते कानावर यायच्या आत हो म्हणायचं, हे तुला सांगायला नको. मला वाटलं, गाडी परत घ्या म्हणेल. फार तर पांढरी उंटीण मागेल. मी म्हणालो, "प्या. जे मागाल ते दिलं."

तो सावकाश प्यायला, 'पुरे' म्हणून पेला हलवून परत दिला, मग बोलला. "तुमचं मला काही नको, अबू नायेफ. पुतण्याला बोलवा. माझ्या अंगणात, दिवसाउजेडी, लोकांदेखत त्याने स्वतःच्या हाताने चासी सांधायची. रंग लावायचा नाही. मग त्याच उतारावरून गाडी खाली न्यायची."

"एकट्याने?"

"नाही. त्या दिवशी माझ्या शेजारी जी बसली होती, ती त्याच्या शेजारी बसेल."

माझी उंटीण मागितली असती तर दावं सोडून हातात दिलं असतं. त्याने मागितलास तू, जो माझ्या हातात नाहीस. तू आला नाहीस तर ते तिठ्यावर काळं फडकं बांधतील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझं नाव सांगतील. बांधू देत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बांधलं असतं.

आता ते दुसरं कारण. सब्बाहच्या शेजारी तुझी आई बसली होती.

डोळे दाखवायला निघाली होती, बस चुकली. सब्बाह आणि त्याची बायको त्याच बाजूला जात होते. त्याच्या बायकोने पुढची जागा दिली तर ही म्हणे, "ही तर आमच्या मुतलकची गाडी," आणि ऐटीत चढून बसली. गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. अंगणात शेळीने पाडलं असं तिने तुला फोनवर सांगितलं ते खोटं आहे. मला म्हणाली, "भाऊजी, माझ्या गळ्याची शपथ, त्याला तोंडाने एक शब्द सांगायचा नाही." मी शपथ घेतली. तोंडाने सांगत नाहीये.

"तुला राग येत नाही का गं?" मी विचारलं.

"येतो ना. शेळीचा."

सब्बाहचं मागणं तिच्या कानावर घातलं. म्हटलं, नाही म्हण, बाईमाणसावर कोणी जबरदस्ती करणार नाही. तर हात झोळीत अडकवलेली ही बाई म्हणते, "बसेन की. त्याने सांधली असेल तर बसेन." संताप येतो मुतलक, तुझा येत नाही इतका तिचा येतो. अजूनही ती तुझ्या शब्दापुढे खाली वाकून पाहायला तयार नाही.

गाडी ठोकळ्यांवर सरळ चढवून ठेवली आहे. बॅटरीची तार मी काढली, तेवढंच. बाकी कोणाला हात लावू दिलेला नाही. मी शेजारी बसेन, बोलेन की नाही ते ठरवलेलं नाही.

सहीखाली जागा कोरी सोडली आहे, ती आशीर्वादाची. तुम्ही दोघं उतार उतरून खाली आलात की तुझ्यासमोर लिहीन, म्हणून हा कागद जपून आण.

हे पत्र आणणारा ओदे बसवाला रविवारी परत फिरेल. उत्तर लवकर लिहून त्याच्याच हाती दे. माफी नको, कारणं नकोत, कधी येतोस तेवढंच लिही. आणि तोवर आईला फोन केलास तर शेळीचीच चौकशी कर.

तुझा काका,
स्वैलेम (अबू नायेफ)