सुई उडायची ती जागा

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून बाबांचं काही झालं असं तुला वाटलं असेल, म्हणून आधीच सांगते: बाबा ठणठणीत आहेत, कालच एका गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडले. भानगड माझी आहे. उजव्या कानाच्या आत, ऐकण्याच्या नसेला चिकटून एक गाठ निघालीय. येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन. गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. कानाचं काय, असं विचारलं की चष्मा पुसायला लागतात. डावा कान लहानपणीच्या तापात गेला, तेव्हापासून माझा सगळा कारभार या एका कानावर चाललाय हे तुला वेगळं सांगायला नको. फोनच केला असता, पण हल्ली फोनवरचं मला अर्धंमुर्धं कळतं आणि उरलेलं मी मनानेच भरते. तुझ्या बाबतीत मला असं मनाने काही भरायचं नव्हतं.

कळलं ते दुकानातच. दुरुस्तीला आलेल्या एका पंपाच्या मोटारीत नवी तार भरून झाली होती. नेहमीसारखं स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली, तर आत सगळं चिडीचूप. वाटलं, वीज गेली. हात लावून बघितला तर मोटार चांगली थरथरत होती. बाबा समोरच्या टेबलावर तार गुंडाळत होते, त्यांनी माझा चेहरा बघितला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतला. तेव्हापासून आवाज तपासायचं काम ते करतात. आणि गंमत बघ, जन्मभर पाठीमागून खेकसणारा हा माणूस आता काही सांगायचं असलं की उठून माझ्यासमोर येऊन उभा राहतो. मला ते बघवत नाही. त्यांनी पाठीमागूनच खेकसावं असं वाटतं.

रोज दुकान बंद केलं की मी आवाज पुरा मोठा करून आपल्या लाडक्या बँडचे अल्बम ओळीने ऐकते. शेवटचं म्हणून नाही हं. पाठांतर म्हण. पहिल्यात सगळे एकाच खोलीत दाटीवाटीने बसून वाजवत असल्यासारखे वाटतात, आणि आपला टकलू ड्रमर इतरांच्या दोन पावलं पुढे पळतो. त्याची बस चुकत असणार, असं तू म्हणायचास. लोक या अल्बमला कच्चा म्हणतात. मला अजूनही तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो. दुसऱ्यात ते सुधारले, आणि त्यातलं पुलाचं गाणं आलं की मी अजून हातातलं काम खाली ठेवते. आठवतंय ना, आपण ते मोठ्याने लावलं होतं आणि बाबा तरातरा आत आले, सुईचा दांडा धरून खसकन ओढला? रेकॉर्डवर चर्रकन ओरखडा गेला. त्यानंतर कडव्याच्या मध्यावर सुई उडायची आणि थेट पुढच्या ओळीत जाऊन पडायची. आपण ते गाणं तसंच शिकलो. मग तो बँड खरोखर आपल्या गावी आला, सगळं मैदान एका सुरात गात होतं, आणि त्या जागी आपण दोघंच उडी मारून पुढच्या ओळीत गेलो! पुढचा दाढीवाला वळून असा बघत राहिला, जणू आपण त्याचा खिसा कापला. हसून हसून तू खालीच बसलास.

ओरखड्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलावर हेडफोन येऊन पडला होता. कोणी आणला हे ना बाबा बोलले, ना आपण विचारलं. म्हणून तिसरा अल्बम आपण चोरून ऐकल्यासारखा ऐकला, एकाच हेडफोनला दोन डोकी चिकटवून. डावी वाटी तुला, उजवी मला. त्या रेकॉर्डवर गिटार सगळी डावीकडे आणि ड्रम सगळे उजवीकडे, त्यामुळे तू एक बँड ऐकायचास आणि मी दुसराच. मग आपली पद्धतच पडली: आधी सरळ, मग हेडफोन उलटा. सरळ ऐकताना तू मला तुझ्याकडचं खाणाखुणांनी सांगायचास, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचे. तेव्हापासून तू मला उजवी म्हणायला लागलास. घरात ते नाव कोणालाच कळलं नाही, आणि बरंच झालं.

चौथ्यावर आपलं कधी पटणार नाही. तुला त्यातली व्हायोलिनं म्हणजे स्वर्ग वाटायची. मला अजूनही वाटतं की बिचाऱ्या गाण्यावर कोणीतरी पडदे, झालरी आणि गाद्यागिरद्या लादल्यात. पाचवा आला तेव्हा तू नव्हतास. टकलू बँड सोडून गेला त्याच सुमाराला तूही दुकान सोडून गेलास, आणि बाबांनी जे तोंडाला येईल ते ऐकवलं. दाराशी तू माझ्याकडे बघितलंस, मी बाबांकडे बघत होते. त्यावर आज काही लिहीत नाही. एवढंच की पाचवा अल्बम मी आजवर सरळच ऐकलाय. उजवी वाटी, नवा ड्रमर, जरा शिष्टच वाजवतो. हेडफोन उलटा करून डावी बाजू मी कधी ऐकली नाही. ती तुझी होती. परवा हात शिवशिवला, म्हटलं आता नाही तर कधी. पण वाटी कानापर्यंत नेऊन खाली ठेवली. तेवढं बाकी आहे तोवर कान जाणार नाही, असलं काहीतरी खूळ डोक्यात बसलंय. दादा, मला फार भीती वाटते. बाबांसमोर मी विनोद करते आणि ते हसल्यासारखं करतात.

आता पत्राचं खरं कारण. पट्टी काढल्यावर सगळे मला विचारतील, ऐकू येतंय का, आणि मी हो म्हणेन. ओठ बघून मला आता सगळं कळतं, आणि बाबांचा चेहरा समोर असला तर माझ्याने ‘नाही’ असं म्हणवणार नाही. माझा माझ्यावरच भरवसा नाही. ही गाणी तर डोक्यात आपोआप वाजतच असतात. म्हणून तू दवाखान्यात ये. बाबा बाहेरच्या बाकावर असतील, त्यांना वाटल्यास काही बोलू नकोस, पण आत ये. माझ्या पाठीमागे उभा राहा, मला हात लावू नकोस, आणि पुलाचं गाणं मध्येच कुठूनही गुणगुणायला लाग. आपलं, ओरखड्याचं. सुई उडते त्या जागी मी बोट उचलेन. हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, कारण बाकी सगळ्या जगाला ते गाणं सरळ येतं. बोट उचललं तर माझ्या पिशवीतला हेडफोन काढ. नाही उचललं, तरी मध्येच थांबू नकोस, गाणं पुरं कर. मग समोर येऊन बस, आणि पाचव्याच्या डाव्या बाजूला काय आहे ते मला पूर्वीसारखं खाणाखुणांनी सांग.

तुझीच,
उजवी