गेटवर जमा केलेले फोन

मॅनेजर साहेब,

बारामतीच्या तुमच्या शिलाई कारखान्यात आम्हा सगळ्या कामगार आयांचे फोन सकाळी गेटवर काढून घेतले जातात. आम्ही काय कैदी आहोत?

माझी उत्पला यंदा पहिलीत गेली. सुरुवातीला ती रडली की बाई मला फोन लावायच्या. तो गेटवरच्या पेटीत वाजत राहायचा. काल पडून तिचा ओठ फुटला. बाईंनी फोन काढला, तर ती म्हणाली, "नका लावू, बाई. माझी आई उचलत न्हाय."

ती आता रडत नाही. बाई म्हणतात, रुळली.

जयंतीच्या सभेत भाषण करताना मी कुणाला भीत नाही; हे पत्र मात्र नोकरी जाईल या भीतीने पर्समध्येच आहे. तरी सांगते : शिलाई हॉलमध्ये एक फोन बसवा, आणि शाळेतून आला की आम्हाला उचलू द्या.

विशाखा सोनवणे