डेल्विनमधली दुसरी मराठी बाई

३ ऑगस्ट

आलो एकदाचे! अर्विंगहून निघताना अनुप सारखा म्हणत होता, की चारू, तू आठवड्याभरात कंटाळशील. मी तर आल्या पावली या घराच्या प्रेमात पडले. पुढे ऐसपैस पोर्च, त्यावर झोपाळा, अंगणात गुलाबी फुलांनी लगडलेली क्रेप मर्टलची झाडं. टेक्सासमधल्या अपार्टमेंटमध्ये शेजारच्याचं नावसुद्धा कधी कळलं नाही. इथे ट्रकमधलं सामान उतरायच्या आत समोरच्या मिस डॉटी ओव्हनमधलं गरमागरम, गोड पीच कॉबलर घेऊन हजर! सत्तरीच्या असतील. त्यांनी शिवांगीला 'शुगर' म्हणून हाक मारली आणि आमची सहा वर्षांची लाजाळू कन्या चक्क त्यांना चिकटून बसली.

गावाबाहेर गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे, तिथे अनुपची नोकरी. बाकी गाव म्हणजे एक मोठा रस्ता, घुमटाचं कोर्ट, चर्चं आणि पाण्याची टाकी. टाकीवर 'डेल्विन, जॉर्जिया' असं लिहिलंय. येणारा-जाणारा प्रत्येक जण हात करतो. अनुपने विचारलं, तुझ्या ओळखीचे आहेत का? म्हटलं, होतील.

११ ऑगस्ट

लहान गावाचे फायदे-तोटे आता हळूहळू कळायला लागलेत. शाळा चालत जाण्याएवढी जवळ. ट्रॅफिक नावाला नाही. शिवांगीच्या टीचरने पहिल्याच दिवशी तिचं नाव नीट म्हणून दाखवलं. पण कढीपत्ता हवा तर थेट अटलांटा गाठायचं. आणि इथे काही म्हणजे काही लपत नाही. माझ्या हातून दुकानात अंड्यांचा खोका पडला, तर दुसऱ्या दिवशी अनुपला ऑफिसात विचारलं, मिसेसना लागलं नाही ना? माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे दुपार संपता संपत नाही.

एक गंमत. दुकानातली कॅशियर मला 'मिस नीला' म्हणाली. मी नीला नाही म्हटल्यावर बिचारी ओशाळली. मिस डॉटींकडून कळलं, नीलांबरी म्हणून एक जण आमच्या मागच्याच घरात राहते. औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. या गावात मराठी बाई! मी तर नाचायचीच बाकी होते.

१७ ऑगस्ट

नीलांबरी आली होती. मूळची सांगलीची. चाळिशीची असेल, पण दिसत नाही. ग्रीन कार्ड कधीच झालेलं. तिचा नवरा गुरुनाथ जनावरांचा डॉक्टर, गावातल्या झाडून सगळ्या कुत्र्या-मांजरांचा आणि गाईंचा. त्यांना मूलबाळ नाही. येताना तिने पिशवी भरून कढीपत्ता आणला, घरच्या झाडाचा. दोन तास बोलत बसलो. गेली तेव्हा घर रिकामं वाटलं.

शिवांगी लगेच 'नीलामावशी' करून तिच्यामागे. मी इतके दिवस 'मराठीत बोल' म्हणून घसा कोरडा करते, तेव्हा उत्तर इंग्लिशमध्ये येतं. नीलांबरीने एक गाणं म्हणून दाखवलं, तर कार्टी तिच्यासोबत मराठीत गायला लागली.

३१ ऑगस्ट

काल त्यांच्याकडे जेवायला गेलो. त्यांच्या मागच्या उघड्या लाकडी डेकवर कढीपत्त्याचं झाड आहे, मोठ्या कुंडीत, पार माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. थंडीत ते दोघं मिळून ते घरात ओढतात. गुरुनाथ तिची थट्टा करत होता, की हिचं पहिलं लेकरू ते, मी दुसरा.

सगळ्यांचं जेवण झालं, गप्पा चालल्या होत्या आणि मी त्या झाडाकडे बघत राहिले. इतकं हिरवं, इतकं तकतकीत. असं काहीतरी रुजलेलं माझं कुठे आहे? मला वाटलं, हे झाड माझं हवं होतं. अगदी आतून वाटलं. डोळ्यांमागे गरम झालं.

लिहिताना लाज वाटते. पण वाटलं ते वाटलं.

२ सप्टेंबर

झाड गेलं. कालच्या दिवसात सगळी पानं काळी पडून गळाली. नीलांबरी कुंडीशी बसून एकेक फांदी मोडून बघत होती, आतून सगळी कोळसा. ना कीड, ना काही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

आणि त्याच्या आधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं.

१३ सप्टेंबर

काल हायस्कूलची फुटबॉल मॅच होती. इथे शुक्रवारी सगळं गाव तिथेच असतं. सुरुवातीला राष्ट्रगीत म्हणायला कोण? आपली नीलांबरी. हातमागाची साडी नेसून मैदानाच्या मधोमध एकटी उभी. काय आवाज! हॅट छातीशी धरलेले म्हातारे डोळे पुसत होते. माझ्या मागे बसलेल्या बाईने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "दर वर्षी तू किती सुंदर गातेस, नीला!" ती समोर मैदानात उभी असताना!

मी हसून थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मीही शिकले होते की गाणं. मला कोणी विचारलंय का? मग मी तिच्याकडे बघत राहिले, गाणं संपेपर्यंत. पापणीसुद्धा हलवली नाही.

१६ सप्टेंबर

नीलांबरीचा आवाज बसलाय. बसलाय म्हणजे, नाहीच. ओठ हलतात, हवा येते, आवाज नाही. गुरुनाथ तिला मेकनला स्पेशालिस्टकडे घेऊन गेला. घशात काहीच दोष नाही म्हणे.

मी काढा करून नेला. तिने माझे हात हातात घेतले आणि ओठांनी 'थँक्यू' केलं. मला तिच्याकडे बघवेना.

२१ सप्टेंबर

सकाळी नागपूरला आईशी बोलले. सहज म्हणून नीलांबरीचं सांगितलं. झाड, आवाज, सगळं. मला वाटलं, आई म्हणेल, दृष्ट लागली असेल, मीठ-मोहऱ्या उतरवून टाका. तिने उलट विचारलं,

"चारू, तू बघत होतीस का तिच्याकडे?"

मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाली, काही नाही, आणि शिवांगीच्या शाळेचं विचारायला लागली.

मावसबहिणीच्या बारशाला आईने मला पूर्ण वेळ स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं. काकाच्या लग्नात मुंडावळ्या बांधताना मला गच्चीवर पाठवलं. मी तेव्हा रडले होते. मला वाटायचं, मी दिसायला बरी नाही म्हणून.

मी मायक्रोबायोलॉजी शिकले. पुण्याला लॅबमध्ये काम केलं. बघण्याने झाडं मरत नाहीत.

४ ऑक्टोबर

आज जत्रेला गेलो होतो. मुद्दाम करून बघितलं. पहिलं बक्षीस मिळालेल्या भोपळ्याकडे एकटक बघत उभी राहिले. एका बाईची चकचकीत नवी गाडी, एका मुलीचे लांबसडक केस, सगळं बघितलं. कशालाच काही झालं नाही. मी इतकी हसले, की अनुपने विचारलं, काय झालं? हुश्श! उगाच डोक्यात घेतलं होतं.

मग घरी येताना उमगलं. मला भोपळा नको होता. गाडीही नको होती.

मनापासून हवंसं वाटावं लागतं.

११ ऑक्टोबर

मागच्या खिडकीचे पडदे मी बंद ठेवते. पण आज दुपारी शिवांगीचा बॉल आणायला कुंपणापाशी गेले. डेकवर नीलांबरी खुर्चीत बसली होती. गुरुनाथ मागे उभा राहून तिच्या केसांना तेल लावत होता. ती बोलू शकत नाही, तर तोच बोलत होता, दोघांचंही. तिच्या वतीने प्रश्न विचारायचा, स्वतःच उत्तर द्यायचा. ती आवाज न करता हसत होती.

अनुप सध्या घरी येऊन लॅपटॉप उघडतो. माझ्या केसांना त्याने शेवटचा हात कधी लावला?

मी वळायला हवं होतं. पाय वळले नाहीत. डोळ्यांमागे पुन्हा ते गरम —

१३ ऑक्टोबर

गुरुनाथ गेला.

काल कुणाची तरी अडलेली गाय सोडवून परत येत होता. रस्त्यात हरीण आडवं आलं. गाडी झाडावर आदळली. मिस डॉटी सांगत आल्या. मला धरून रडल्या. मी मागच्या खिडकीकडे पाठ केली. त्यांना वाटलं, दुःखानेच.

१६ ऑक्टोबर

सगळं गाव तिच्या दारात. कोणी जेवण घेऊन येतंय, कोणी तिचं गवत कापतंय. शेरीफ स्वतः खुर्च्या लावत होता. फुटबॉलची सगळी टीम रांगेत उभी. लोक तिला मिठी मारतात, सोडतच नाहीत.

माझ्यासाठी एवढी माणसं आली असती का?

हे मी लिहिलं. त्या बाईचा नवरा गेलाय आणि मला तिच्या दारातल्या गर्दीचा हेवा वाटला. मी घरी पळत आले. पण बघून झालं होतं.

२२ ऑक्टोबर

तिच्याकडे आता कोणी येत नाही. एकाएकी थांबले सगळे. मिस डॉटींना मी विचारलं, नीलांबरीकडे जाऊन आलात का? त्या गोंधळून बघत राहिल्या. म्हणाल्या, "हनी, नीला तर तूच ना?"

दुकानात, शाळेत, रस्त्यावर, सगळे मलाच मिठ्या मारतात. जेवणाचे डबे आता माझ्या पोर्चवर येतात. हेच मला हवं होतं.

एकही डबा मी उघडलेला नाही.

२५ ऑक्टोबर

तिच्याकडे गेले. सगळं सांगायचं ठरवून. दार उघडंच होतं. ती रिकाम्या कुंडीशेजारी बसली होती, बारीक झालेली, केस तेलाने अजून चिकट. मी खाली बसले आणि म्हटलं, नीलांबरी, हे माझ्यामुळे झालं. माझ्या डोळ्यांमुळे.

ती रागावेल, मारेल असं वाटलं होतं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्या गालावर हात ठेवला. तिला माझी कीव आली.

तिच्याकडे आता हेवा करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून मी तिच्याकडे बघू शकले, मोकळेपणाने. पहिल्यांदाच.

२८ ऑक्टोबर

तिचा भाऊ नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून आला आणि तिला घेऊन गेला. निघताना शिवांगी तिच्या गळ्यात पडून रडली. मला वाटलं, सुटले. आता इथे असं कोणी नाही, ज्याच्याकडे बघून माझं पोट दुखेल.

३० ऑक्टोबर

आहे.

संध्याकाळी अनुप शिवांगीला झोपाळ्यावर झोके देत होता. ती म्हणाली, "डॅडी, यू आर माय बेस्टेस्ट फ्रेंड." तो असा हसला — माझ्याशी कधी नाही हसला तसा.

मी डोळे मिटून घेतले. वेळेत मिटले. बहुतेक.

३१ ऑक्टोबर

शिवांगीला ताप नाही. पाहिलं. पुन्हा पाहिलं — हात लावून, डोळे मिटून. अनुप ठीक. चिडलाय. म्हणतो, घरात डोळे मिटून काय चालतेस? डॉक्टरकडे जाऊ.

आईला फोन केला. ती नुसती रडली. उपाय काय, आई? म्हणाली — तू तिथून निघ, बाळा. त्यांच्यापासून लांब जा.

१ नोव्हेंबर

बॅग भरली. अटलांटापर्यंतची बस उद्या सकाळी. अनुपला काय सांगू —

आजचा दिवस. एवढाच. भिंतीकडे तोंड करून बसलेय, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं.

ते दोघं मागच्या अंगणात आहेत. वाळक्या पानांचा ढीग करून त्यात उड्या मारतायत. शिवांगी मराठीत ओरडतेय — "बाबा, अजून! अजून!" बाबा म्हणाली. डॅडी नाही. त्याने शिकवलं असेल. मला इतक्या वर्षांत नाही जमलं —

नको. भिंत. भिंतीकडे बघ.

किती हसतायत. माझ्यावाचून. माझ्यावाचून त्यांचं किती छान —

फक्त एकदा. उद्या मी जाणारच आहे. माझीच तर माणसं. आईने आपल्या लेकराकडे बघितलं तर —

खिडकीतून उन्हात दोघं. तिने त्याच्या गळ्यात हात टाकलेत. मी त्या मिठीत का नाही, मला का —

हसणं थांबलं.

अनुप हाक मारतोय. मला नाही. तिला. पुन्हा पुन्हा तिलाच, आणि ती —