निळ्या गाडीचा दुसरा गिअर

मी, व्हर्लिन एमस स्टॉट्स, धंदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुरुस्ती, राहणार टर्की फोर्क, राज्य ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं शाबूत आहे. फुफ्फुसं कामातून गेली आहेत आणि हात थरथरतात, म्हणून अक्षर असं आलं आहे. त्यावरून कोणी माझ्या बुद्धीबद्दल शंका काढू नये. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं आमचा एकुलता एक मुलगा डेल याच्या नावे होतं, आणि डेल माझ्याआधी गेला.

कलम १. घर, मागचं आवार आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी ओपल हिची. उत्तरेकडून छत गळतं. ते बघायला ओपलने स्वतः शिडीवर चढू नये.

कलम २. गवत कापायचं यंत्र शेजारी क्लीटस यांना. कित्येक उन्हाळे ते त्यांच्याच शेडमध्ये पडून आहे, तेव्हा ताबा देण्याचा प्रश्न येत नाही.

कलम ३. पाद्रीबुवांना काही नाही. डेलला पुरताना त्यांनी वेगाच्या हव्यासावर प्रवचन झोडलं होतं. माझ्या वेळी त्यांनी एखादं गाणं म्हणावं, हॅम खावं आणि घरी जावं.

कलम ४. आता निळी गाडी. ती १९६८ सालची आहे आणि आमच्या लग्नाच्या वर्षी मी ती नवी घेतली. ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलतो तो तेलाच्या दाबाने. ते तेल एका पत्र्याच्या भोकांतून जातं. कारखाना भोकं बारीक ठेवतो, म्हणजे बसलेल्या माणसाला काही कळत नाही आणि गिअर रेंगाळत पडतो. मला रेंगाळणं कधीच आवडलं नाही. पहिल्याच महिन्यात मी पत्रा काढून भोकं ड्रिलने मोठी केली. मग दुसरा गिअर असा पडायचा की मान मागे जायची. ओपलला पहिल्यांदा बसवलं तेव्हा तिच्या मांडीवरचा केक डॅशबोर्डला जाऊन चिकटला. "गाडी आहे का खेचर?" ती ओरडली. आणि केक पुसायच्या आधीच म्हणाली, "परत एकदा कर की!"

तीच ओपल आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहरात जाते. तिची हाडं ठिसूळ झाली आहेत. या हिवाळ्यात नुसत्या खोकल्याने तिची बरगडी गेली. मी पाय कितीही हलका ठेवला तरी दुसऱ्या गिअरला धक्का बसतोच. चढ आला की ती दोन्ही हातांनी सीट धरते आणि दात आवळते. तोंडातून आवाज काढत नाही. मला मात्र तो धक्का तिच्या हाडांत बसलेला ऐकू येतो, आणि तो मीच माझ्या हाताने तिथे बसवला आहे.

मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही. पत्राच बदलावा लागतो. भंगारातल्या एका गाडीचा, ड्रिल न लागलेला पत्रा माझ्याकडे आहे, दुकानाच्या दारामागे खिळ्याला टांगलेला. मीच बदलणार होतो. गाडी उघडण्याआधी हात चालतो का, हे एका जुन्या गिअरबॉक्सच्या सांगाड्यावर करून पाहिलं. पत्र्यामागच्या खोबणींत वाटाण्याएवढ्या पोलादी गोळ्या बसवायच्या असतात. एकही जागेवर राहीना. सगळ्या खाली घरंगळल्या. तो आवाज ऐकून ओपल काठी टेकत दुकानात आली.

"हॉलिसला बोलव," ती म्हणाली.

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

"हाडं माझी मोडतायत, आणि नाव कुणाचं काढायचं ते तू ठरवणार?"

"त्यानं पोराला मारलं, ओपल."

"त्यानं घाई केली. पोर माझंही होतं. तू पोरगा घालवलास, व्हर्लिन. मी पोरगा घालवला आणि भाऊही घालवला." मग ती स्टुलावर टेकली. "तू गेलास की मी त्या मशीनवर जायची नाही. सांगून ठेवते. धक्के खात जायचं ते कुणासाठी?"

ती गेली नाही तर दोन आठवडेही काढणार नाही. डॉक्टरांनी हे आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं आहे.

कलम ५. हॉलिस ग्रब हा ओपलचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा आणि एके काळी दुकानात भागीदार. डेलच्या शर्यतीच्या गाडीचा गिअरबॉक्स त्याने बांधला. गोळ्या पडू नयेत म्हणून खोबणीत व्हॅसलीन लावतात, कारण ते गरम तेलात विरघळून जातं. हॉलिसने चाकाचं ग्रीस लावलं. ते विरघळत नाही. शर्यतीत तिसरा गिअर पडला तेव्हा दुसरा सुटला नाही. दोन्ही गिअरांनी एकदम धरलं, मागची चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी भिंतीवर गेली. दफनानंतर मी तो गिअरबॉक्स उघडला. ग्रीसमध्ये एक गोळी रुतून बसली होती. हॉलिस शेजारी उभा होता. "डबी रिकामी होती, व्हर्लिन," एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही आणि ओपललाही बोलू दिलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. या कागदाचा तसा अर्थ कोणी काढू नये.

तरीपण त्याच्यासारखा हात या भागात दुसऱ्या कोणाचा नाही. बाकीची दुकानं आता अख्खा गिअरबॉक्सच बदलतात, आणि पत्र्याला हात लावायचं धाडस कोणाला होत नाही.

म्हणून निळी गाडी, दुकान आणि माझी सगळी हत्यारं मी हॉलिस ग्रब याला देतो. अटी दोन. पहिली, ओपलला गाडीत बसवण्याआधी त्याने दारामागचा पत्रा घालून दुसरा गिअर मऊ करावा, इतका, की तिच्या हातात भरलेला कप असला तरी कॉफी सांडू नये. दुसरी, ती जिवंत आहे तोवर आठवड्यातून तीनदा त्याने स्वतः तिला शहरात न्यावं आणि परत आणावं. ती नाही म्हणेल. त्याने इंजिन चालू ठेवून दाराशी थांबावं. धाकट्या भावाला ताटकळत ठेवणं तिला कधी जमलेलं नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि साक्षीदारांसमोर सही केली.

व्हर्लिन एमस स्टॉट्स

साक्षीदार:
१. क्लीटस बोमन, शेजारी
२. अर्लीन टकेट, पोस्टमास्तर

ठिकाण: टर्की फोर्क, ओहायो
तारीख: १४ एप्रिल १९९७

सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणतात. न धरोत. हे फक्त हॉलिससाठी आहे. दुकानातल्या कामाच्या टेबलाच्या वरच्या खणात व्हॅसलीनची डबी आहे. मी ती काल नवी आणून ठेवली. भरलेली आहे.