कुत्र्याला धरणारं माणूस

१४ सप्टेंबर २०१४, रविवार

ईशाचं ठरलं. म्हणजे तिचं आधीच ठरलेलं होतं, आज मी हो म्हटलं. कॅलिफोर्नियातलं एक कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षं, असोसिएट डिग्री — व्हेटरिनरी टेक्निशियन. थोडक्यात, जनावरांच्या दवाखान्यातली नर्स. तिच्या बारावीच्या गुणांवर इथल्या पॉलिटेक्निकने घेतलं नाही. दुसरा पर्याय इथल्याच एका खासगी संस्थेचा होता — बिझनेसचा कोर्स, सर्टिफिकेटवर ब्रिटिश युनिव्हर्सिटीचं नाव. मला तो हवा होता. नावासाठी. ईशा म्हणाली, "ताई, त्यात कुत्री कुठे आहेत?"

बाबा जहाजावर. त्यांचा ई-मेल दोन ओळींचा: कोर्स तू बघ. या वर्षीची फी तुलाच भरावी लागेल.

संध्याकाळी ती शेल्टरमधले कुत्र्यांचे पिंजरे धुऊन परत येत होती, खाली भेटली. लिफ्टपाशी शेजारचे उभे होते. तिच्या कपड्यांना वास. मी जिन्याने आले. सातवा मजला.

१७ सप्टेंबर, बुधवार

जुरोंग आयलंडला, कारखान्यांच्या बेटावर नेणाऱ्या बसमध्ये प्रबोध शेजारी. पुण्याचा, माझ्याच प्लँटवर. त्याची बहीण अमेरिकेत पीएचडी करते. ते दर आठवड्याला कळतं. ईशाचं काय, म्हणाला. मी म्हटलं, "तीही अमेरिकेला चाललीय. व्हेटरिनरी." आणि थांबले.

"अरे वा! डॉक्टर होणार तर."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. खोटं बोलले नाही, फक्त वाक्य पूर्ण केलं नाही. — इथेही सारवासारव!

२१ सप्टेंबर, रविवार

प्रबोधच्या बायकोकडून बातमी इथल्या महाराष्ट्र मंडळात पोचली. तिथल्या प्रेमाकाकूंनी आईचं अभिनंदन केलं. आई घरी आली ती फुलूनच. मला का नाही सांगितलंत, दोन वर्षांनी ती डॉक्टरकीला जाणार ते? ईशा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, जाऊ शकते, क्रेडिट्स ट्रान्सफर होतात.

शब्दशः बरोबर. आईने शिरा केला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिल्या सेमिस्टरची फी पाठवली. बँकेच्या काउंटरवरच्या मुलीने कॉलेजचं नाव मोठ्याने वाचलं. "कम्युनिटी कॉलेज? लाइक आयटीई, इझ इट?" इथली आयटीई म्हणजे आपली आयटीआय. मागे रांगेत कोणीतरी मराठीत बोलत होतं. मी पेन खाली पाडलं आणि उचलायला वाकले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

पैसे जाताना काही वाटलं नाही. नाव वाचलं तेव्हा वाटलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मंगळवारी ईशाचा व्हिसा इंटरव्ह्यू. आज तालीम. कपडे वाळत घालायचा स्टँड म्हणजे खिडकी. पलीकडे मी, ऑफिसर. आई म्हणाली, मी मागची रांग होते, आणि भाजी निवडत बसली.

"तुला काय व्हायचंय?"

"वेट टेक. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा कुत्र्याला धरणारं माणूस."

मी म्हटलं, "असं सांगायचं नाही. कुत्र्याला धरायला शिकायला कोण अमेरिकेला पाठवतं?"

"तू."

आई हसली. मी नाही. मी तिच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं: दोन वर्षं हा कोर्स, मग युनिव्हर्सिटी, मग डॉक्टर. कम्युनिटी कॉलेज हा शब्द होता होईल तो टाळ. आठ-दहा वेळा म्हणून घेतलं. शेवटी तिचा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा यायला लागला. मला वाटलं, छान झालं!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नाकारला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसरने विचारलं, डॉक्टर व्हायला एकूण किती वर्षं लागतात? कुठल्या युनिव्हर्सिटीत? तिला सांगता येईना. मग म्हणाला, तुझा हा कोर्स त्यासाठी नाहीच, तुला माहीत आहे ना? पासपोर्ट परत दिला, सोबत एक छापील कागद.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "सॉरी ताई. नीट पाठ नव्हतं झालं."

तिनेच सॉरी म्हटलं.

प्लँटवर मी चुकीच्या रीडिंगवर सही करत नाही. समोर मॅनेजर उभा असला तरी नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आईला सांगितलं. डॉक्टर नाही, कधीच नव्हतं. मी तसं समजू दिलं. आई बराच वेळ ओटा पुसत होती. स्वच्छ होता. मग म्हणाली, "आता मी प्रेमाला काय सांगू?"

म्हणजे हे माझ्यात आलं कुठून, ते कळलं. पण तिच्यावर ढकलून भागणार नाही. ती रांगेत होती, खिडकीत मी होते.

ईशाने पुन्हा अर्ज केलाय. या वेळी मी काही शिकवणार नाही, म्हटलं. "ओके ला," म्हणाली, इथल्या पोरांसारखं.

५ नोव्हेंबर, बुधवार

बसमध्ये प्रबोधला सांगायचं ठरवलं होतं. तो झोपला होता. बरं वाटलं.

६ नोव्हेंबर

तो जागा होता. सांगितलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत ईशाचा फोन. या वेळी दुसरा ऑफिसर होता, बाई. ईशाने सगळं सरळ सांगितलं — कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षं, धरणारं माणूस. बाईने विचारलं, फी कोण भरतंय?

"मी म्हटलं, माझी ताई. मग त्या म्हणाल्या, या कोर्सबद्दल तिला काय वाटतं?"

"मग?"

"खरं तेच सांगितलं. तिला लाज वाटते, पण भरतेय." इतक्या सहज, जणू माझा हुद्दा सांगत होती. "मग त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला, ताई. व्हिसा मिळाला."