टू कंटेनर्स इज इनफ

१० फेब्रुवारी
आमचे मालक खंडेराव अण्णा आज म्हणाले, लंडनच्या साहेबाची द्राक्षाची ऑर्डर जो नीट सांभाळेल तो एक्स्पोर्ट मॅनेजर. निफाडच्या आमच्या पॅकहाउसात इंग्रजी येणारे दोघेच, मी आणि ज्योत्स्ना. ती कालची पोरगी. मेल मीच बघणार, सांगून टाकलं.

११ फेब्रुवारी
संकल्प : रोज पहाटे इंग्रजी व्याकरण. आज पाहुणे आले म्हणून राहिलं.

१३ फेब्रुवारी, दुपार
साहेबाचा मेल. 'टू कंटेनर्स इज इनफ.' इज? दोन असतील तर आर नको? यावरून शाळेत छड्या खाल्ल्यात मी! पण इंग्रज माणूस इंग्रजीत कसा चुकेल? चुकला असेल तर आकडा. इज, म्हणजे त्याला कंटेनर एकच हवाय. वा रे पठ्ठ्या, बरोबर पकडलंस.

मेल न दाखवता ज्योत्स्नाला सहज विचारलं, दोन कंटेनरना इज चालतं का? म्हणाली, सर, असा आकडा आला की सगळा माल मिळून एकच धरायचा. घ्या! तीसुद्धा एकच म्हणते.

रात्री आशा म्हणाली, तीन पोळ्या बास झालं ना? म्हटलं, झालं नाही, झाल्या. ती म्हणाली, झाल्या ना, मग उठा. बायकोला व्याकरणाची गोडीच नाही.

१५ फेब्रुवारी
एक कंटेनर रवाना. अण्णांनी विचारलं, दुसरा? म्हटलं, साहेबाची टायपिंग मिस्टेक होती, मी सांभाळून घेतलं. अण्णा खूश दिसले. निदान गप्प होते. येताना पासपोर्टसाठी फोटो काढला. टाय स्टुडिओचा.

१८ फेब्रुवारी
पाठवलेल्या मालाचे कागद बघून साहेबाचा थेट अण्णांना फोन. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण ओरडणं कळतं. दुसऱ्या कंटेनरसाठी तोडलेली द्राक्षं नाशिकच्या बाजारात मातीमोल गेली. अण्णा म्हणाले, लय शहाणा हायेस तू. तरी मी खचलो नाही. साहेबाला इज आणि आर समजावणारा सविस्तर मेल टाकला.

२० फेब्रुवारी
साहेबाचं उत्तर : 'वन मिस्टेक इज इनफ.' पुढचा माल घेणार नाही म्हणतो. पण वाक्य बघा! वन, म्हणून इज. बिनचूक! सुधारला गडी एकदाचा.

हे सांगायला अण्णांकडे धावलो, तर त्यांच्यासमोर माझ्या खुर्चीत ज्योत्स्ना. फोनवर साहेबाची समजूत घालत होती, आणि तो स्पीकरवर चक्क हसत होता. फार लागलं मनाला. अण्णांनी मला हळूच सांगितलं, मॅनेजरबाई बोलतायत, दार लावून घे. बाहेरून.